स्ट्रॉ लांब का पळते?
खानापुरात माझ्या वर्गात हा प्रयोग मी जानेवारीतच घेते. पावसाळ्यात इथली हवा इतकी दमट, की घासून आलेला विद्युत प्रभार टिकतच नाही.

प्लास्टिकची स्ट्रॉ मधोमध दोऱ्याने बांधून खिडकीच्या गजाला आडवी टांगा. तिचं एक टोक कोरड्या टिश्यू पेपरने दहा-बारा वेळा घासा. घासलेल्या टोकाला हात लावू नका, प्रभार कमी होतो. दुसरी स्ट्रॉ तशीच घासून जवळ न्या. टांगलेली लांब पळते! कागदातले काही इलेक्ट्रॉन, म्हणजे ऋणप्रभाराचे सूक्ष्म कण, प्लास्टिकवर गेले, दोन्ही स्ट्रॉ ऋणप्रभारित झाल्या, आणि सारखे प्रभार एकमेकांना दूर ढकलतात. प्रोटॉन, म्हणजे धनप्रभाराचे कण, मात्र अणुकेंद्रातच राहतात. मुलं नेमकी इथे चुकतात, म्हणून मी थांबते, पुन्हा विचारते.

आता घासलेला कागद जवळ धरा. स्ट्रॉ ओढली जाते, कारण इलेक्ट्रॉन गमावून कागद धनप्रभारित झालाय, आणि विरुद्ध प्रभार एकमेकांना ओढतात.