डॅझल जहाजाचं मॉडेल रंगवताय? या चुका टाळा

पहिली चूक ब्रश हातात घेण्याआधीच होते. डॅझल म्हणजे पहिल्या महायुद्धात जहाजांवर रंगवलेले ठळक, तिरके पट्टे. हे पट्टे जहाज लपवण्यासाठी होते, असं आपण धरून चालतो. समुद्रावर आभाळाचा रंग घटकेत पालटतो, धुराड्यातला धूर लांबूनच चाहूल देतो. तिथे लपणार काय? १९१७ मध्ये जर्मन पाणबुड्या ब्रिटिश व्यापारी जहाजं एकामागून एक बुडवत होत्या. तेव्हा नॉर्मन विल्किन्सन या चित्रकाराने लपवण्याचा नादच सोडला. पाणबुडीचा कप्तान पेरिस्कोपमधून थोडाच वेळ बघतो आणि टॉर्पेडो सोडतो तो जहाज थोड्या वेळाने जिथे पोचेल त्या जागेवर. त्यासाठी जहाजाची दिशा अचूक ओळखावी लागते. ती ओळख चुकवणं हे पट्ट्यांचं काम. म्हणून नाळेजवळच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाजवळच्या, तिरक्या रेषांना सर्वांत जास्त वेळ द्या. तिथे पट्टा जरासा सरळ झाला, तरी नाळ कुठे वळली आहे ते उघड होतं.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. डाव्या बाजूचा साचा उलटा करून उजवीकडे वापरला आणि नंतर सगळा रंग खरवडून काढला. खऱ्या जहाजांच्या दोन बाजू मुद्दाम वेगळ्या असत. लंडनच्या बर्लिंग्टन हाउसमध्ये लाकडी छोट्या जहाजांवर नक्षी रंगवली जाई, फिरत्या टेबलावर ठेवून पेरिस्कोपमधून तपासली जाई आणि मगच तिचे आराखडे बंदरांत जात. हे काम बहुतांशी तरुण चित्रकार मुलींनी केलं. त्याची आठवण ठेवून एकेक रेषा आखावीशी वाटते. एकाच बाजूचा फोटो मिळाला असेल, तर दुसरी बाजू अंदाजाने भरण्यापेक्षा दुसरं जहाज निवडा.

जुन्या फोटोंवरून रंग ठरवू नका. त्या काळच्या बऱ्याचशा फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसत नसे, त्यामुळे लाल काळपट आणि निळा फिकट उमटे. फोटोतला पांढरा पट्टा खरं तर फिका निळा असू शकतो.

काळांची सरमिसळही टाळा. दुसऱ्या महायुद्धातल्या ‘मेझर ३२’ (Measure 32) या अमेरिकी नौदलाच्या रंगयोजनेतल्या निळसर करड्या छटा १९१८ च्या जहाजावर चालत नाहीत. त्याच युद्धातले ब्रिटिश नौदल अधिकारी आणि चित्रकार पीटर स्कॉट यांची अटलांटिकमधली पांढरी, फिकी निळी-हिरवी रंगसंगती तर डॅझल नव्हेच. ती खरोखर जहाज दिसू नये म्हणून होती.

पट्टा कठड्याशी थांबवू नका. तो केबिन आणि धुराड्यावरही पुढे जातो. हे भाग चिकटवण्याआधी नुसते जागेवर ठेवा, डोळा पाण्याच्या रेषेच्या उंचीवर आणा आणि पेन्सिलीने एकसलग खूण करा.

मास्किंग टेपखाली रंग झिरपत असेल, तर टेप लावल्यावर कडेवर आधी खालचाच रंग पातळ फवारा. फटी त्यानेच बुजतात. तो वाळला की वरचा रंग द्या, आणि टेप काढताना सरळ वर न ओढता उलटी दुमडत हळूहळू सोडवा.