व्यापारी संघटनेच्या ग्रुपवरचे पक्षीय राजकारण : या चुका टाळा

मुंबईतील बहुतेक व्यापारी संघटनांचे रोजचे कामकाज आता व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर चालते, आणि ज्या ग्रुपवर पक्षांची भांडणे माजतात तेथील ॲडमिनांच्या चुका इतक्या सारख्या असतात की त्या एकदा लिहून ठेवणे भाग आहे. मी भांड्यांच्या व्यापारातला असून आमच्या संघटनेचा मानद चिटणीस या नात्याने हे काम पाहतो, त्यामुळे उदाहरणे बहुतांशी भांडीबाजारातलीच येतील.

ग्रुपच्या वर्णनात ‘येथे राजकारण चालणार नाही’ एवढे लिहून मोकळे होणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक होय. जीएसटीचा दर, मालवाहतुकीसाठी लागणाऱ्या ई-वे बिलाची मर्यादा, प्लास्टिकबंदी, महापालिकेचा परवाना, दुकानासमोरचा फुटपाथ, यांपैकी एकही विषय सरकारचा उल्लेख टाळून बोलता येत नाही. नियम शब्दशः पाळायचा म्हटला तर संघटनेने तोंडच उघडायला नको. सोयीने पाळायचा म्हटला तर कोणता संदेश राजकीय हे ॲडमिनच्या मर्जीवर ठरते, आणि ती मर्जी कोणत्या पक्षाकडे झुकते हे सभासद दोन दिवसांत ओळखतात.

माझी पद्धत अशी आहे की संदेशातील पक्षाचे, नेत्याचे आणि चिन्हाचे नाव मनातल्या मनात खोडून मी उरलेला मजकूर वाचतो. त्यात व्यापाऱ्याला उपयोगी पडेल असे काही शिल्लक राहिले तर संदेश राहतो, नाहीतर जातो. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील दुकानदारांना मराठी पाट्या लावण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा मराठीतील अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान चालणार नाहीत हे सांगणारा आणि जुनी पाटी वाजवी दरात बदलून देणारा पेंटर सुचवणारा, असे दोन्ही संदेश मी ठेवण्याजोगेच मानले. हा कोणत्या पक्षाचा विजय आणि कोणाचा पराभव, हे सांगणारे सगळे संदेश काढण्याजोगे. सरकारच्या निर्णयावर कडक टीका करण्यास मात्र पूर्ण मोकळीक असली पाहिजे. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे फार तर ४५ दिवसांत न चुकवल्यास त्या खर्चाची वजावट त्या वर्षी मिळत नाही, या प्राप्तिकराच्या नियमाला कोणी जाचक म्हणत असेल तर ते व्यापाऱ्याचे मत आहे आणि ते ग्रुपवरच मांडले गेले पाहिजे.

दुसरी चूक मला सर्वाधिक चीड आणणारी आहे : भांडण पेटले की ॲडमिन भांडणाऱ्यांकडे पाहतो आणि त्या गदारोळात बुडालेला प्रश्न विसरतो. ३ सप्टेंबर २०२५ च्या रात्री जीएसटी परिषदेने बहुतेक वस्तूंसाठी ५ आणि १८ असे दोनच टप्पे ठेवण्याचा निर्णय जाहीर केला आणि घरगुती भांड्यांचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर येणार हे स्पष्ट झाले. नवे दर २२ सप्टेंबरपासून, म्हणजे नेमके घटस्थापनेपासून लागू होणार होते. उपनगरातील एका संघटनेच्या ग्रुपवर, जेथे मीही सभासद आहे, एका दुकानदाराने विचारले, “१२ टक्के भरून घेतलेला माल गोदामात पडून आहे, त्याचे क्रेडिट बुडणार का?” (क्रेडिट म्हणजे खरेदीवर भरलेला कर विक्रीवरील करातून वळता करून घेण्याची सोय.) त्याच्या पाठोपाठ एकाने नेत्याचे छायाचित्र टाकून ‘दिवाळीची भेट’ म्हणून आभार मानले, दुसऱ्याने ‘मग आठ वर्षे कोणी लुटले?’ असे विचारले, आणि पहाटेपर्यंत ग्रुपवर निवडणुकीचा प्रचार चालावा तशी चिखलफेक झाली. ॲडमिनने अधूनमधून हात जोडलेले चित्र टाकून ‘सर्वांनी शांतता राखावी’ अशी विनंती केली. ज्याने प्रश्न विचारला होता त्याला उत्तर कोणीच दिले नाही. मी तो धागा पाहिला तेव्हा आठवडा उलटून गेला होता.

उत्तर सोपे होते. दर उतरला म्हणून आधी भरलेल्या कराचे क्रेडिट जात नाही. ते खात्यात राहते आणि पुढच्या विक्रीवरील कर भरण्यासाठी वापरता येते. विक्री ५ टक्क्यांनी होणार असल्यामुळे ते संपायला वेळ लागतो व तेवढे भांडवल अडकून पडते, ही तक्रार खरी आहे, पण बुडणे वेगळे आणि अडकणे वेगळे. त्या गृहस्थांनी घाबरून निम्मा माल घाऊक व्यापाऱ्याला परत पाठवला, टेम्पोचे भाडे भरले, आणि धनत्रयोदशी तोंडावर आली तेव्हा तोच माल, जो मिळाला तेवढा, पुन्हा भाडे भरून आणला. भांडणाऱ्या दोघांचे काहीच गेले नाही.

अशा वेळी मी प्रथम बुडालेला प्रश्न विचारणाऱ्याच्या नावासह वर आणून त्याचे उत्तर लिहितो, आणि मगच भांडणाऱ्या दोघांना वेगवेगळा फोन करतो. ‘शांतता राखावी’ हे वाक्य मी कधीही लिहीत नाही, कारण त्याने भांडणालाच मान मिळतो. फोनवर एक गोष्ट हमखास उपयोगी पडते : जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश आणि सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश असते व निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागते, म्हणजे एकट्या केंद्राला किंवा एकट्या राज्यांना निर्णय रेटता येत नाही. “शेठ, श्रेय द्यायचे तर सगळ्यांना वाटावे लागेल आणि शिव्याही,” एवढे म्हटले की समोरचा माणूस बहुधा हसून विषय सोडतो.

पदाधिकाऱ्यांना नियमातून सूट देणे ही तर संघटना फोडण्याची खात्रीची रीत आहे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. मधल्या काळात नगरसेवकच नव्हते, त्यामुळे मतदान जवळ आले तसे इच्छुकांचे पाय बाजाराकडे जरा जास्तच वळले. माझ्या माहितीतल्या एका संघटनेच्या कार्यकारिणीतील सदस्याने उमेदवाराबरोबरचे छायाचित्र ग्रुपवर टाकून खाली ‘आपल्या संघटनेचा जाहीर पाठिंबा’ असे लिहिले. सभा झाली नव्हती, ठराव नव्हता, अध्यक्षांना कल्पनाही नव्हती. त्याच संध्याकाळी त्या संदेशाचा स्क्रीनशॉट प्रतिस्पर्ध्याच्या कार्यालयात पोहोचला, आणि खुलासा करण्यासाठी अध्यक्षांना तेथे जाऊन चहा घ्यावा लागला. त्या चहाचेही छायाचित्र निघाले, ते वेगळेच. नालेसफाई असो की माल उतरवण्याची वेळ, व्यापाऱ्याला निवडून येणाऱ्याच्याच दारात जावे लागते, आणि तो कोण असेल हे आधी कोणालाही ठाऊक नसते.

म्हणून आमच्याकडे शिष्टमंडळ कोणालाही भेटले तर आधी दिलेल्या निवेदनाची प्रत ग्रुपवर येते व नंतर छायाचित्र. निवेदन नसेल तर छायाचित्रही नाही. कोणत्याही पक्षात पद असलेल्या सभासदाला आम्ही ॲडमिन करत नाही, मग तो कितीही सज्जन असो. नेत्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा सर्वांसाठी बंद. सणाच्या शुभेच्छांमध्ये कोपऱ्यात नेत्याचा चेहरा असेल तर तो संदेशही बंद.

आता घाईच्या उपायांविषयी. नव्याने ॲडमिन झालेल्या उत्साही मंडळींना पहिल्याच आठवड्यात ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतील’ ही सोय सापडते आणि ते ग्रुपला कायमचे कुलूप लावतात. ग्रुप शांत होतो हे खरे, पण महिन्याभरात सभासदांचा दुसरा ग्रुप निघतो, दरांची माहिती, बुडव्या गिऱ्हाइकांची नावे आणि राजकारण असे सगळेच तिकडे जाते, आणि अधिकृत ग्रुपवर उरतात ती श्रद्धांजलीची पत्रके. ‘राजकीय गप्पांसाठी वेगळा ग्रुप’ हीदेखील अशीच फसवी युक्ती आहे. तेथे दुखावलेला माणूस सकाळी मूळ ग्रुपवर हिशेब चुकता करायला येतो.

एकाच बाजूचा संदेश काढू नये. पक्षीय चकमक काढायची तर मूळ संदेश आणि त्यावरची उत्तरे सगळीच काढावीत, आणि काय काढले व का काढले हे एका ओळीत स्वतःच्या नावाने लिहावे. सभासदाला ग्रुपबाहेर काढण्याचा अधिकार मी कार्यकारिणीकडे ठेवला आहे, कारण रात्री अकराला रागावलेल्या ॲडमिनच्या हाती तो असणे धोक्याचे आहे.

‘माझ्यावर पोलीस केस होईल’ असा धाक घालून लोकांना गप्प बसवणारे ॲडमिनही पाहिले आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे की दुसऱ्या सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिन केवळ ॲडमिन असल्यामुळे दोषी ठरत नाही. त्यामागे दोघांचा समान हेतू किंवा पूर्वनियोजित संगनमत दिसावे लागते.

निवडणुकीच्या काळात ग्रुपवर निवडणुकीचा उल्लेखच नको, हा समजही चुकीचा आहे. मतदानाच्या दिवशी कामगारांना भरपगारी सुट्टीविषयीचा नियम काय आहे आणि बाजार किती वाजेपर्यंत बंद राहणार, हे संघटनेने सांगायलाच हवे. कुलपाचा वापर मी फक्त मतमोजणीच्या दिवशी करतो आणि ते केव्हा लागेल व केव्हा निघेल हे आदल्या संध्याकाळीच कळवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ग्रुप उघडतो तेव्हा पहिला संदेश स्टील आणि पितळेच्या त्या दिवशीच्या भावांचा असतो, आणि निकालावर कोणी काही लिहिलेच तर त्याला नावे खोडून वाचण्याचा वरचाच नियम लागू होतो.