तबकड्यांवर ठेका जुळवताना

एक गाणे संपत आले असताना दुसरे गाणे त्याच्याच लयीत असे मिसळून द्यावे की नाचणाऱ्याच्या पायांना खंड जाणवू नये, ही डीजेइंगची मूळ कला आहे. संगणक हे काम आज क्षणात करून देतो. तरीही ते कानाने शिकायचे असेल, तर रेकॉर्डवरच शिकावे असे माझे ठाम मत आहे, कारण तेथे पडद्यावर ध्वनिलहरींचे चित्र नसते आणि ऐकण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

बेल्टवर फिरणारे घरगुती टर्नटेबल, म्हणजे तबकडी वाजवायचे यंत्र, या कामाला उपयोगाचे नाही. तबकडी बोटाने रोखून सोडल्यावर तिच्याखालच्या फिरत्या ताटाने लगेच पूर्ण वेग धरला पाहिजे आणि ते मोटर थेट ताटाला जोडलेली असल्यासच साधते. टेक्निक्स कंपनीचे एसएल-१२०० हे असे टर्नटेबल १९७२ साली बाजारात आले आणि १९७९ च्या एमके२ आवृत्तीत वेग आठ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करणारी सरकती पिच पट्टी आली. आजही बहुतेक कंपन्यांची यंत्रे त्याच धर्तीवर बनतात. अशी दोन यंत्रे, दोन्हींचा आवाज एकत्र करणारा मिक्सर, हेडफोन आणि ताटावर अंथरायच्या कापडी स्लिपमॅट एवढे पुरेसे आहे. टर्नटेबलची वायर मिक्सरच्या 'फोनो' लिहिलेल्या, टर्नटेबलसाठीच्या जागीच जोडावी आणि अर्थिंगची बारीक तार विसरू नये, अन्यथा स्पीकरमधून सतत घरघर ऐकू येते. टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, आधी तराजूच्या दांडीसारखा समतोल करून मग सुईचा भार कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या टोकाच्या डबीच्या) माहितीपत्रकात दिल्याप्रमाणे ठेवावा. डीजेंसाठीच्या कार्ट्रिजला तो साधारण तीन ते चार ग्रॅम लागतो.

सरावाच्या तबकड्यांसाठी नागपुरातल्या महाल, इतवारी, धरमपेठ येथील जुन्या घरांतून विचारणा करावी. मात्र मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या यात वापरू नयेत. भारतात त्या १९६० च्या दशकातही निघत होत्या, त्यामुळे जुन्या गठ्ठ्यात हमखास सापडतात. त्यांची खाच रुंद असते, त्यांना वेगळी सुई लागते आणि त्या ठिसूळही असतात. दुर्मीळ एलपीवर मागे-पुढे घासण्याचा सराव करणे मला अजिबात मान्य नाही. त्यासाठी सहज मिळणारी, ओरखडे पडलेली तबकडी घ्यावी.

आता मुख्य काम. पहिली तबकडी स्पीकरवर वाजत असू द्यावी आणि दुसरी फक्त हेडफोनमध्ये, तेही एकाच कानाला लावून ऐकावी. दुसऱ्या गाण्यातली सम शोधून तबकडी तेथे बोटाने धरावी. खाली ताट फिरत राहील, वर स्लिपमॅट आणि तबकडी थांबलेली असतील. बोटाखाली तबकडी किंचित मागे-पुढे केली की समेचा तो 'धप्' नेमका कोठे आहे हे कळते. पहिल्या गाण्याची सम आली की बोट उचलावे. काही आवर्तनांतच दोन्ही ठेके एकमेकांपासून सरकू लागतील. दुसरे गाणे मागे पडत असेल तर पिच थोडी वाढवावी, पुढे पळत असेल तर कमी करावी आणि पुन्हा समेवर आणून सोडावे. मिनिटाला ११६ ठोक्यांचे गाणे १२० ठोक्यांच्या गाण्याशी जुळवायला सुमारे साडेतीन टक्के वेग वाढवावा लागतो. वेगाबरोबर स्वरही चढतो: सहा टक्क्यांना जवळपास अर्धा स्वर. म्हणून गायन असलेल्या गाण्यात मी तीन-चार टक्क्यांच्या पुढे जात नाही, नाहीतर गायकाचा आवाज बारीक आणि परका वाटू लागतो.

जुन्या हिंदी चित्रपटगीतांची अडचण वेगळी आहे. ती वादकांनी प्रत्यक्ष वाजवलेली असल्याने लय श्वासासारखी थोडी खालीवर होते. पिच एकदा लावून हात काढून घेता येत नाही. तबकडीच्या कडेला बोट हलकेच टेकवून तिला रोखणे किंवा लेबलजवळ बोटाने पुढे ढकलणे, हे मिसळण संपेपर्यंत चालू ठेवावे लागते. त्यामुळे अशी गाणी वाद्यमेळाच्या तुकड्यातच आणि दोन-चार आवर्तनांतच बदलावीत. मुखड्यावर मुखडा कधीही चढवू नये. आठ मात्रांचा कहरवा डिस्कोच्या चार ठोक्यांत सहज बसतो, पण सहा मात्रांचा दादरा बसत नाही. तेथे जुळवण्याच्या भानगडीत न पडता गाणे पूर्ण संपू द्यावे. मिसळताना दोन्ही गाण्यांचा खर्ज, म्हणजे खालचा जड आवाज (बास), एकदम चालू ठेवल्यास आवाज गढूळ होतो; नव्याचा खर्ज आधी उतरवून ठेवावा आणि समेवर एकाचा कमी, दुसऱ्याचा पूर्ण करावा.

नागपुरात तबकड्या सांभाळणे हा शिक्षणाचाच भाग आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि उन्हात बंद ठेवलेल्या गाडीत त्याहून कितीतरी अधिक उष्णता साचते. तेवढ्यात तबकडीला बाक येतो आणि सुई लाटेवर चढल्यासारखी डोलते. तबकड्या नेहमी उभ्या ठेवाव्यात, वरच्या मजल्यावरच्या तापलेल्या स्लॅबखाली नकोत. कूलरसमोरही नकोत, कारण त्याच्या दमट हवेने पुठ्ठ्याच्या कव्हरांवर बुरशी धरते. कोरड्या उन्हाळ्यात स्थिर विजेमुळे धूळ चिकटते. ती वाजवण्यापूर्वी दर वेळी कार्बन-फायबरच्या ब्रशने खाचांच्या दिशेने काढावी. फार मळलेली तबकडी डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब टाकून मऊ कापडाने पुसावी, लेबल कोरडे राखावे, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने धुऊन सावलीत उभी वाळवावी आणि पूर्ण कोरडी झाल्यावरच नव्या आतल्या पिशवीत घालावी.