लॉनवर हवेचा पूल मांडा, पण गवत राखून

मुलांना पाण्यात खेळायला फुगवायचा पूल आणला की घरात दोन-चार दिवस जत्रा असते. पंधरा दिवसांनी तो उचलला की खाली परातीसारखा गोल पिवळा डाग सापडतो. आमच्या लॉनवर असाच एक डाग पडला होता आणि तो भरून यायला अख्खा पावसाळा गेला. तेव्हा मी सगळा दोष पाण्याच्या वजनावर ढकलला होता.

वजन थोडंथोडकं नसतं, हे खरं. २.४ मीटर व्यासाच्या पुलात ४५ सेंटिमीटर पाणी भरलं की साधारण २,००० लिटर होतं, म्हणजे दोन टन. पण ते सगळ्या तळावर सारखं पसरतं. चौरस फुटाला जेमतेम ४० किलो. उभ्या माणसाच्या तळपायाखाली याहून जास्त दाब असतो. गवत मरतं ते अंधारानं आणि प्लास्टिकखाली कोंडलेल्या गरमीनं. एक दिवस झाकलेलं गवत नुसतं आडवं पडतं आणि एक-दोन दिवसांत उठतं. तीन-चार दिवसांत पिवळं पडायला लागतं, आठवड्यानंतर वरची पाती गेलीच म्हणायची. त्यामुळे पूल किती मोठा यापेक्षा तो एका जागी किती दिवस बसणार, हे आधी ठरवा.

जागा

सपाट, घरातून नजर पोचेल अशी, दुपारनंतर सावली येणारी जागा बघा. झाडाच्या अगदी बुंध्याशी नको, मुळांचे उंचवटे तळाला टोचतात. विजेच्या तारांखाली तर नकोच. उतार बघायला एक लांब सरळ फळी आडवी टाका आणि तिच्यावर पाणसळ (गवंडी वापरतात ती स्पिरिट लेव्हल) ठेवा. फळी फिरवून तीन-चार दिशांनी बघा. उतार निघाला तर जागा बदला. खालच्या बाजूला वाळू टाकून सपाटी साधायचा मोह होतो, पण त्या वाळूखाली गवत गुदमरतं.

आदल्या दिवशी गवत जरा आखूड कापा, मुळापर्यंत नाही. कापलेलं गवत, काटक्या, खडे दंताळ्यानं ओढून घ्या आणि मग हातानं चाचपून बघा. दंताळ्यातून निसटलेला खडा हाताला लागतोच. त्या दिवशी लॉनला पाणी घालू नका, ओली माती लवकर दबते.

खाली काय अंथरायचं

इथेच बहुतेकांचं चुकतं. काळी किंवा निळी ताडपत्री मिळते सहज, पण तिच्यासारखा गवताचा वैरी नाही. मी एकमेकांत अडकणारे फिक्या रंगाचे फोमचे मॅट वापरते. तळ फाटत नाही, पायाला मऊ लागतं आणि संध्याकाळी पाच मिनिटांत उचलता येतात. ताडपत्रीच असेल तर तिच्या कडा पुलाखाली दुमडा. बाहेर डोकावणारी पट्टी उन्हात इतकी तापते की तिच्याखालचं गवत एका दुपारीत करपतं. याच कारणासाठी अंथरूण सकाळीच पसरून ठेवू नका. पूल फुगवून पाण्याचा पाइप हातात आला की मगच अंथरा.

फुगवणं आणि भरणं

पूल टणक होईपर्यंत फुगवू नका. उन्हात आतली हवा प्रसरण पावते आणि शिवण उसवते. अंगठ्यानं दाबल्यावर किंचित आत जाईल इतपत पुरे.

आधी फक्त दोन-तीन सेंटिमीटर पाणी सोडा आणि नळ बंद करा. पूल रिकामा असताना न दिसलेला उतार आता पाणीच दाखवतं: एका कडेला बोटभर आणि समोर तळ कोरडा असेल तर इथेच थांबा, पाणी ओतून टाका आणि पूल सरकवा. भरलेला पूल ओढायच्या भानगडीत पडू नका, तळ फाटतो आणि गवत मुळासकट सोलवटून निघतं. पाणी सारखं असेल तर तळाच्या सुरकुत्या मधून बाहेरच्या बाजूला तळव्यानं सरकवत काढा आणि पुढचं पाणी भरा.

जिथून मुलं आत-बाहेर करतात, तिथला हातभर पट्टा पहिल्याच दिवशी चिखल होतो. तिथे एक मॅट आणि पाय बुडवायला पाण्याचं घमेलं ठेवा, आणि रोज आत शिरायची बाजू बदला.

रिकामा करणं

छोटा पूल रोज खेळ संपला की रिकामा करून उलटा ठेवावा, हे माझं ठाम मत. लहान मूल अगदी थोड्या पाण्यातही बुडू शकतं, त्यामुळे मुलं पाण्यात असताना मोठं माणूस शेजारीच हवं. साचलेल्या पाण्यात डास होतात ते वेगळंच.

काठ दाबून सगळं पाणी एकदम सोडू नका, लॉनचं तळं होतं. पाइप पाण्यानं भरून घ्या, एक तोंड पुलात बुडवा, दुसरं अंगठ्यानं दाबून उतारावर नेऊन सोडा. पाणी आपोआप वाहतं. पाइप मधूनमधून वेगवेगळ्या झाडांकडे वळवा. पाण्यात क्लोरीन टाकलं असेल तर ते झाडांना देण्याआधी एक-दोन दिवस नवं क्लोरीन न घालता उघडं राहू द्या, आणि तेवढा वेळ पुलावर लक्ष ठेवा. दुसऱ्या दिवशी पूल शेजारच्या जागेवर मांडा.

तरीही पिवळं पडलंच तर

दंताळ्यानं हलक्या हातानं पाती उभी करा, थोडं पाणी द्या आणि आठवडाभर तिथून चालणं बंद करा. खत लगेच नको. माती दगडासारखी दबली असेल तर बागेच्या काट्यानं वीतभर अंतरावर ८-१० सेंटिमीटर खोल भोकं पाडा. पिवळं म्हणजे मेलेलंच असं नाही. एक ठोंब बोटांनी बाजूला करून मुळाशी बघा. पांढरट, ओलसर असेल तर जीव आहे. हरळी असेल तर ती आजूबाजूनं धावे (जमिनीवर सरपटणारे कोंब) पाठवून डाग भरते. तपकिरी होऊन चुरा होत असेल तर तेवढं खरवडून काढा आणि लॉनच्या कडेचे ठोंब आणून तिथे लावा.