स्तनात इम्प्लांट आहेत आणि बाळाला अंगावर पाजायचंय? मग हे वाचा

सगळ्यात आधी इम्प्लांटमधलं सिलिकॉन दुधात उतरेल ही भीती काढून टाकू, कारण रात्री दोन वाजता मोबाईलवर सगळ्या जणी तेच शोधत असतात. इम्प्लांटमुळे दूध 'खराब' होत नाही. इम्प्लांट असलेल्या आणि नसलेल्या आयांचं दूध तपासून बघितलंय, सिलिकॉनचं प्रमाण साधारण सारखंच निघालं, उलट गाईच्या दुधात आणि डब्याच्या पावडरमध्ये ते जास्त सापडलं. म्हणजे प्रश्न दूध कसलं आहे हा नाहीच, प्रश्न पुरेसं येईल का हा आहे, आणि त्याचं उत्तर डिलिव्हरीच्या आधी कोणीच देऊ शकत नाही, अगदी ज्यांनी ऑपरेशन केलं ते सर्जनही नाही.

पण अंदाज बांधता येतो. त्यासाठी सातव्या महिन्याच्या आसपास जुनी फाईल शोधायला घ्या, ऑपरेशन मुंबईला झालं असेल तर तिकडे फोन करून ऑपरेशन नोट्स मागवा. त्यात दोन गोष्टी बघायच्या. एक, काप कुठून घेतलाय. स्तनाच्या खालच्या घडीतून किंवा काखेतून असेल तर दुधाच्या नळ्या आणि नसा बहुतेक वाचलेल्या असतात. निपलभोवतीच्या काळ्या भागाच्या कडेने काप असेल तर नळ्या आणि निपलकडे जाणारी नस दुखावण्याची शक्यता जास्त. बाळ ओढतं तेव्हा ती नसच मेंदूला निरोप देते आणि मग दूध सुटतं, त्यामुळे निपलला स्पर्श नीट कळतोय का हे स्वतःच बघून ठेवा. कळत असेल तर चांगलं लक्षण आहे, आणि ऑपरेशनला बरीच वर्षं झाली असतील तर नसा थोड्याफार सावरलेल्याही असतात. दुसरी गोष्ट, इम्प्लांट छातीच्या स्नायूच्या खाली आहे की वर. खाली असेल तर दुधाच्या ग्रंथींवर दाब कमी पडतो.

आणि एक तिसरी, जी फाईलमध्ये नसते. ऑपरेशन का केलं होतं? नुसतं साईज आवडत नव्हतं म्हणून, की मुळातच स्तन खूप लहान, एकमेकांपासून लांब, किंवा दोन्हीत खूप फरक होता म्हणून? दुसरं असेल तर ग्रंथीच कमी असण्याची शक्यता असते, मग दूध कमी आलं तरी दोष इम्प्लांटचा नसतो. हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा.

आता घरच्यांचं. सासूबाईंना, जाऊबाईंना सांगायचं की नाही हा पूर्ण तुमचा प्रश्न, मी तरी म्हणेन कोणालाही सांगायला तुम्ही बांधील नाही. पण गायनॅक आणि बाळाचे डॉक्टर या दोघांना सांगायचंच, आणि सासूबाई केबिनमध्ये सोबत येत असतील तर आधी मेसेज करून ठेवा किंवा चिठ्ठी द्या, डॉक्टरांना अशी सवय असते. माहेरी कराडला नाहीतर रत्नागिरीला जाणार असाल तर फाईलचे फोटो मोबाईलमध्ये हवेत. मालिशवाल्या मावशींना मात्र पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा की छातीला हात लावायचा नाही, कारण द्यायची गरज नाही, 'डॉक्टरांनी नाही सांगितलंय' एवढं पुरे. गाठी मोडायच्या म्हणून त्या जे दाबतात ना ते इम्प्लांट नसलेल्या बाईलाही नको.

डिलिव्हरी झाली की शक्यतो पहिल्या तासात बाळ अंगावर घ्या, कपडे मध्ये न आणता. सिझर असेल तरी विचारा, बऱ्याच ठिकाणी करतात. पहिला चीक थेंब थेंबच असतो, सगळ्यांचाच, तेवढ्यावरून 'हिला दूधच नाही' म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरतं तेव्हा इम्प्लांटमुळे छाती जरा जास्तच दगडासारखी होऊ शकते आणि बाळाला तोंडात धरताच येत नाही. तेव्हा पाजायच्या आधी निपलच्या भोवती बोटांनी हलकेच मागे दाबून तो भाग मऊ करायचा, थोडं हाताने काढायचं, मग बाळ लावायचं. पाजून झाल्यावर पंच्यात बर्फ गुंडाळून शेक. ताप आला, थंडी वाजली, एखादा भाग लाल आणि गरम झाला तर लगेच डॉक्टर. पाजणं बंद करायचं नसतं, पण इन्फेक्शन इम्प्लांटपर्यंत जाता कामा नये म्हणून डॉक्टरकडे जायला उशीरही करायचा नसतो. कुठे सुई घालून पू काढायची वेळ आली तर आधी सोनोग्राफी, आणि आत इम्प्लांट आहे हे तिथेही सांगायचं.

पुरतंय का, हे छाती भरलेली वाटते का यावरून ठरवू नका. बाळाकडे बघा. पाचव्या दिवसापासून दिवसाला निदान सहा वेळा शू, आणि शी काळ्याची पिवळी झालेली. डायपरमध्ये शू मोजणं अवघड जातं, त्यामुळे पहिले काही दिवस आपले लंगोटच बरे. शू विटकरी रंगाची दिसत राहिली, बाळ झोपाळू आणि ढिलं वाटलं, तर वाट बघायची नाही. वजन सुरुवातीला थोडं उतरतं, पण दहा ते चौदा दिवसांत जन्माच्या वजनावर यायला हवं, आणि इम्प्लांट असतील तर पहिले दोन-तीन आठवडे वजन जरा जास्त वेळा, एकाच काट्यावर, कपडे काढून करा. म्हणून बाळाचे डॉक्टर घराजवळचे निवडा. घोडबंदर रोडला राहून वाशीचे नामांकित डॉक्टर धरलेत तर ट्रॅफिकमध्ये बाळही रडेल आणि तुम्हीही.

कमी पडत असेल तर पाजून झाल्यावर पंप करा, थायरॉइड तपासून घ्या, आणि वरचं दूध डॉक्टरांना विचारून सुरू करा, गाईचं नाही हं, वर्षाच्या आत नाहीच. निपलशेजारी बारीक नळी लावून वरचं दूध पाजता येतं, बाळ अंगावरच ओढतं आणि पोटही भरतं, स्तनपान सल्लागार हे शिकवतात. नाहीतर वाटी-चमचा आहेच. अळिवाचे लाडू खा, शतावरी कल्प घ्यायचा तर डॉक्टरांना विचारून घ्या, पण कापलेली नळी लाडवाने जोडली जात नाही हे आईला प्रेमाने समजवा. सायनच्या लोकमान्य टिळक हॉस्पिटलमध्ये 1989 साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मिल्क बँक, म्हणजे इतर आयांनी दान केलेलं दूध साठवायची सोय, सुरू केली हे खरं, पण तसलं दूध मुख्यतः आयसीयूतल्या कमी दिवसांच्या बाळांसाठी असतं, घरी न्यायला मिळेल असं धरून चालू नका.

अर्धं अंगावरचं, अर्धं वरचं असं झालं तरी ते पाजणंच आहे. एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी येणं पण कॉमन आहे, कमी वाली बाजू आधी द्या. आणि इम्प्लांट बदलायचे किंवा काढायचे मनात असेल तर पाजणं पूर्ण बंद झाल्यावर काही महिने जाऊ द्या, छाती आपल्या आकारावर यायला तेवढा वेळ लागतोच, सर्जनही तेच सांगतील.