नोकरी सांभाळून ऑनलाइन एंजिनिअरिंग मॅनेजमेंटची पदवी: कोर्सचं नियोजन कसं करावं

चाकण, रांजणगाव, अंबड, बुटीबोरी इथल्या कारखान्यांत सात-आठ वर्षं काढलेल्या इंजिनिअरला एक टप्पा हमखास येतो. मशीन कळतं, ड्रॉइंग कळतं, पण बजेटच्या बैठकीत बोलताना अडायला होतं. एमबीए करावं की एमटेक, असा प्रश्न पडतो आणि अनेकजण या दोन्हींच्या मधल्या पदवीकडे, म्हणजे मास्टर्स इन एंजिनिअरिंग मॅनेजमेंटकडे वळतात. अमेरिकेत हा विषय जुना आहे. मिसूरी राज्यातल्या रोला इथल्या विद्यापीठात १९६७ साली त्याचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. आज तिथली बरीच विद्यापीठं ही पदवी पूर्ण ऑनलाइन देतात आणि भारतात बसून ती करता येते. पुढचं सगळं अशा अमेरिकी, साधारण ३० क्रेडिटच्या पदवीला धरून लिहिलं आहे.

पदवी कशासाठी हवी, ते आधी ठरवा

खासगी कंपनीत बढती, परदेशात बदली किंवा स्वतःचं वर्कशॉप वाढवणं हा हेतू असेल, तर ही पदवी उपयोगी पडते. सरकारी नोकरी, प्राध्यापकपद किंवा पुढे भारतात पीएचडी मनात असेल, तर परदेशी ऑनलाइन पदवी चालेल असं गृहीत धरू नका. आपल्याकडे यूजीसीच्या २०२०च्या नियमांनी अभियांत्रिकीचे अभ्यासक्रम ऑनलाइन पदवीसाठी वर्ज्य ठेवले आहेत. परदेशी पदवीच्या समकक्षतेचे नियमही वेगळे आहेत. ज्या संस्थेत पुढे जायचं आहे तिला लेखी विचारा आणि उत्तर आल्यावरच फी भरा.

तास मोजा, मग कोर्स निवडा

बहुतेकजण कोर्सची यादी उघडून आवडीच्या नावांवर खुणा करत बसतात. माझ्या मते सुरुवात तासांपासून व्हायला हवी. अमेरिकेत एका क्रेडिटचा अर्थ साधारण असा: पंधरा आठवडे, दर आठवड्याला एक तास वर्ग आणि दोन तास घरचा अभ्यास. म्हणजे तीन क्रेडिटच्या एका कोर्सला आठवड्याला नऊ तास, एकूण १३५ तास. ३० क्रेडिटचे झाले १३५० तास. हाच कोर्स आठ आठवड्यांच्या छोट्या सत्रात घेतला, तर आठवड्याला सतरा तास लागतात. जाहिरातीत 'फक्त आठ आठवडे' असं लिहिलेलं असतं, पण काम तेवढंच असतं.

आता स्वतःचा आठवडा कागदावर मांडा. पिंपरी-चिंचवड, चाकण पट्ट्यात गुरुवारची सुट्टी असेल तर त्या दिवशी पाच तास आणि चार संध्याकाळी सवा-सवा तास धरा. झाले दहा तास. एवढ्यात पंधरा आठवड्यांचा एकच कोर्स बसतो. वर्षाला तीन सत्रं धरली, तर दहा कोर्सना सव्वातीन-साडेतीन वर्षं लागतील. आकडा मोठा वाटला तरी तो खरा आहे, आणि घरच्यांना सुरुवातीलाच सांगण्याजोगा आहे. फिरती शिफ्ट असेल तर रात्रपाळीच्या आठवड्याचे तास निम्मेच धरा.

आपलं वर्ष आणि त्यांचं वर्ष शेजारी ठेवा

अमेरिकेतलं फॉल सत्र ऑगस्टअखेर सुरू होऊन डिसेंबरच्या मध्यावर संपतं. म्हणजे दसरा-दिवाळी त्यातच, आणि बहुतेक वर्षी गणपतीही. स्प्रिंग सत्र जानेवारी ते मेच्या सुरुवातीपर्यंत चालतं, त्यात मार्च एंड येतो आणि नंतर लग्नसराई. विद्यापीठ दिवाळीची सुट्टी देईल अशी आशा ठेवू नका. तुमच्या खात्यात मार्चमध्ये डोकं वर काढायला वेळ मिळत नसेल, तर वित्त किंवा संख्याशास्त्राचा जड कोर्स स्प्रिंगला घेऊ नका. तो फॉलला घ्या आणि नेतृत्व, संवाद, संघटनशास्त्र असे लेखनप्रधान कोर्स स्प्रिंगला ठेवा. ज्यांचं काम सणासुदीच्या मागणीवर चालतं, त्यांनी हाच क्रम उलटा करावा.

घड्याळाचंही तसंच. कोलोरॅडोत रविवारी रात्री ११:५९ ही मुदत असेल, तर हिवाळ्यात ती आपल्याकडे सोमवारी दुपारी १२:२९ला संपते आणि उन्हाळ्यात ११:२९ला. त्यांची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. फॉल सत्राच्या मधेच तास बदलतो, हे कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवा. प्रवेशाआधी एक प्रश्न जरूर विचारा: वर्ग ठरलेल्या वेळी थेट हजर राहून करायचे आहेत, की ध्वनिचित्रमुद्रण नंतर पाहिलं तरी चालतं? पूर्व किनाऱ्यावरचा संध्याकाळी सहाचा वर्ग आपल्याकडे पहाटे साडेतीन किंवा साडेचारला येतो. दिवसपाळी करणाऱ्याला हे तीन वर्षं झेपणार नाही.

गणिताची उजळणी फी भरण्याआधी करा

या पदवीत गुणवत्ता नियंत्रण, निर्णयशास्त्र, ऑपरेशन्स रिसर्च हे विषय येतात आणि ते सगळे संभाव्यता, संख्याशास्त्र नि रेषीय समीकरणांवर उभे असतात. बीईच्या दुसऱ्या वर्षानंतर नॉर्मल डिस्ट्रिब्युशनला हात लावला नसेल, तर तीन महिने आधी एनपीटीईएलवर संख्याशास्त्राचा बारा आठवड्यांचा कोर्स पाहून घ्या. शिकायला पैसे पडत नाहीत, फी असते ती प्रमाणपत्राच्या परीक्षेची. एक्सेलमध्ये रिग्रेशन आणि सॉल्व्हर स्वतः चालवून बघा.

क्रम: वित्त लवकर, कॅपस्टोन (अखेरचा मोठा प्रकल्प) शेवटी

पहिल्या सत्रात प्रकल्प व्यवस्थापन घ्यावं. विषय ओळखीचा असतो आणि परदेशी पद्धतीचा अहवाल कसा लिहायचा, संदर्भ कसे द्यायचे, ते अंगवळणी पडतं. दुसऱ्या सत्रात अभियांत्रिकी अर्थशास्त्र किंवा वित्त घ्या, कारण पुढच्या जवळजवळ प्रत्येक कोर्समध्ये त्याचा आधार लागतो.

एक उदाहरण घेऊ. १२ लाखांचं उपकरण वर्षाला चार लाख वाचवतं. तीन वर्षांत पैसे वसूल, असं आपण बैठकीत सांगून मोकळे होतो. पण पैशाची किंमत, म्हणजे पैसा अडकून राहण्याचा व्याजासारखा वार्षिक दर, १२ टक्के धरली, तर चार वर्षांच्या बचतीचं आजचं मूल्य जेमतेम १२ लाख १५ हजार होतं. म्हणजे खरी वसुली चौथ्या वर्षाच्या शेवटी. उपकरण पाच वर्षं चाललं तर सुमारे दोन लाख चाळीस हजार हातात राहतात. हा हिशोब करता येणारा इंजिनिअर बैठकीत वेगळ्या जागी बसतो, आणि तो दुसऱ्याच सत्रात करता यायला हवा.

तिसऱ्या-चौथ्या सत्रात गुणवत्ता आणि ऑपरेशन्स, मग ऐच्छिक विषय, शेवटी कॅपस्टोन. कोणता कोर्स कोणत्या सत्रात शिकवला जातो ते विभागाला विचारा. काही कोर्स वर्षातून एकदाच असतात. पूर्वअट असलेला एखादा कोर्स हुकला, तर सगळी साखळी वर्षभर पुढे जाते.

एकच प्रश्न सगळ्या कोर्समधून न्या

माझ्या लेखी सगळ्या नियोजनातला हा सर्वांत मोलाचा भाग आहे. या पदवीत जवळजवळ प्रत्येक प्राध्यापक 'तुमच्या कामाच्या ठिकाणचं उदाहरण घ्या' असं सांगतो. दर वेळी नवा विषय शोधत बसलात तर दहा कोर्समध्ये दहा वरवरचे अहवाल होतील. त्यापेक्षा स्वतःच्या लाइनवरची एक खरी अडचण निवडा. समजा, प्रेस शॉपमधला डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलायला लागणारा वेळ. प्रकल्प व्यवस्थापनात तो कमी करण्याच्या कामाचं वेळापत्रक मांडा. वित्तात झटपट क्लॅम्प घेण्याचा खर्च आणि बचत मांडा. गुणवत्तेत डाय बदलल्यावरच्या पहिल्या नगांचं रिजेक्शन मोजा, पॅरेटो (कारणं मोठ्यापासून छोट्यापर्यंत मांडणारा आलेख) काढा. ऑपरेशन्स रिसर्चमध्ये कोणता डाय कोणत्या क्रमाने लावायचा ते सोडवा. संघटनशास्त्रात ऑपरेटर आणि सेटर नव्या पद्धतीला का बिचकतात, ते त्यांच्याशी बोलून लिहा. कॅपस्टोनपर्यंत तुमच्याकडे दोन-तीन वर्षांची आकडेवारी असेल आणि कारखान्यालाही काहीतरी मिळालेलं असेल.

यासाठी प्लँट हेडची परवानगी पहिल्याच सत्रात, लेखी घ्या. ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर, किंमत यांपैकी काहीही अहवालात जाऊ देऊ नका. आकडे टक्क्यांत किंवा निर्देशांकात बदलून द्या. आणि तोच मजकूर दोन कोर्सना सादर करू नका. प्रश्न तोच चालतो, पण लेखन आणि विश्लेषण प्रत्येक वेळी नवंच हवं. जुनं काही वापरायचं असल्यास प्राध्यापकांना आधी विचारा.

ग्रेड आणि पैसे

मास्टर्सला साधारणपणे ४ पैकी ३.० सरासरी टिकवावी लागते (ए म्हणजे ४, सी म्हणजे २). एका कोर्सला सी मिळाला, तर तो भरून काढायला दुसऱ्या कोर्सला थेट ए लागतो. म्हणून सत्र सुरू होऊन दोन आठवडे झाले आणि कामाचा ताण अचानक वाढला असेल, तर कोर्स सोडण्याची मुदत कधी संपते ते तपासा आणि वेळेत सोडा.

फी शक्यतो दर क्रेडिटला भरण्याची सोय असेल तिथे घ्या, कारण डॉलरचा भाव तीन वर्षांत कुठे जाईल ते आपल्या हातात नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कोलोरॅडो बोल्डर ही पदवी कोर्सेरावर देते. तिथे जुनी गुणपत्रिका न मागता सुरुवातीचे ठरलेले कोर्स चांगल्या ग्रेडने पूर्ण केल्यावर प्रवेश मिळतो. थोडे पैसे घालून आपल्याला झेपतंय का ते पाहण्याचा हा मार्ग मला रास्त वाटतो. कंपनी फी परत देत असेल तर त्याबदल्यात किती वर्षं नोकरी सोडता येणार नाही, ते करारात वाचा.

शेवटच्या सत्रात

पदवी आपोआप मिळत नाही. शेवटच्या सत्राच्या सुरुवातीलाच पदवीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्याची मुदत चुकली तर पदवी पुढच्या सत्रावर जाऊ शकते. त्याआधीच्या सत्रात सल्लागाराकडून क्रेडिटची तपासणी करून घ्या. पासपोर्टवरचं नाव आणि विद्यापीठातल्या नोंदीतलं नाव अक्षरशः एकच आहे का, ते पाहा. आपल्याकडे वडिलांचं किंवा पतीचं नाव मधे असतं आणि तिकडच्या फॉर्मवर ते गळून पडतं. ही दुरुस्ती पदवी छापली जाण्याआधी सोपी असते.