पेशवाईतलं विरहनाटक बसवताना

नवरा पानिपताच्या मोहिमेवर, बायको पुण्यात वाट पाहतेय. असं नाटक घेतलं की हौशी संस्थांचा निम्मा पैसा भरजरी शालूंवर जातो. त्याआधी तारखा जुळवा. भाऊसाहेबांची फौज मार्च १७६० मध्ये परतूरहून निघाली, लढाई १४ जानेवारी १७६१ ची. जासुदाला उत्तरेतून पुण्याला यायला बरेच दिवस लागत. त्यामुळे ‘आम्ही खुशाल’ हे पत्र जानेवारीअखेर वाचलं जात असेल, तर प्रेक्षकाला पुढचं ठाऊक असतं, तिला नसतं. हा प्रवेश रडून घालवू नका. तिला वाती वळायला बसवा. हात थांबला की पुरे. नवऱ्याचं नाव तिच्या तोंडी नको, ‘तिकडची काही खबर?’ एवढंच.

पत्रासाठी कोरा कागद घेतला तर लाइटखाली पांढराफटक दिसतो. तो चहाच्या पाण्यात पंधरा मिनिटं बुडवून वाळवा, मगच दोन-तीन तुकडे लांबीला चिकटवा. आधी चिकटवले तर जोड सुटतात.

नऊवारीची सवय तालमीच्या पहिल्या आठवड्यापासून, साध्या सुती लुगड्यावर. नाहीतर उठताना पाय अडकतो आणि नटीचं लक्ष संवादाऐवजी निऱ्यांकडे. प्रयोगाला कासोट्यावर चार टाके घाला. सेफ्टी पिन स्पॉटमध्ये चमकते. चोळीला हूक नको, पुढे गाठ. टिकली नको, मेणावर पिंजर. नथीचा मोती ओठावर टेकला की प, ब, म गिळले जातात, म्हणून लहान घ्या आणि तालमीतही घाला. कॉलर माइक ठुशीला घासून खरखरतो; तो केसांच्या रेषेवर लपवा.

सगळ्यात जास्त घोळ प्रकाशात होतो. रात्र म्हणून सगळीकडे गडद निळा मारला की लाल कुंकू काळं दिसतं, आणि सौभाग्याची काळजी हाच विषय असलेल्या नाटकात ते भलतंच काही सांगून जातं! निळा फक्त मागून द्या; चेहऱ्यावर बाजूने अंबर, म्हणजे पिवळसर केशरी प्रकाश, तीस-चाळीस टक्क्यांवर. हॅलोजन मंद केला की आपोआप पिवळा होतो, एलईडी होत नाही. त्याचा रंग वेगळा लावावा लागतो.

समई प्रवेशाआधीच पेटलेली हवी, आगपेटी तेव्हा नव्हती. खरी ज्योत ठेवायला नाट्यगृहाची परवानगी घ्या, तेल अर्ध्यावर ठेवा, जवळचा पंखा बंद करा. पदर खोचल्याशिवाय कुणी समईजवळ जायचं नाही, आणि विंगेत वाळूची बादली.